'व इतर' मध्ये हरवलेली माणसे

नगरपालिकेच्या खिडकीवर पूर्वी 'साहेब जागेवर नाहीत' हे वाक्य ऐकू यायचे. आता त्याची जागा 'सर्व्हर डाऊन आहे' या वाक्याने घेतली आहे. दोन्हींचा अर्थ एकच: उद्या या. फरक असलाच तर एवढा, की साहेब कुठे गेले असतील याचा अंदाज रांगेतल्या माणसाला बांधता येई. फारच निकड असली तर कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन त्यांना चहा पिताना गाठताही येई. सर्व्हर कुठे असतो, तो 'डाऊन' होतो म्हणजे त्याला नेमके काय होते आणि त्याला पुन्हा वर कोण आणणार, हे ना रांगेतल्याला ठाऊक असते ना खिडकीतल्याला.

माझा व्यवसाय हा वर आणण्याचा. नगरपालिकांची, क्वचित एखाद्या महापालिकेची, बुडालेली किंवा बुडू घातलेली संगणकीकरणे पुन्हा चालती करून देणे, हे काम मी गेली वीस-बावीस वर्षे करतो आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने 'आपण काय करता?' असे विचारले की मोठी पंचाईत होते. पूर्वी विहिरीत पडलेली भांडी गळ टाकून काढून देणारे लोक गावोगाव फिरत, तसे काहीसे, असे मी सांगतो. भांडे बहुधा हाती लागते. पण तळाच्या गाळात आणखी काय काय रुतून बसले आहे, ते गळ टाकल्यावरच कळते.

प्रकल्प बुडाला म्हणजे प्रोग्राम चुकला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नगरसेवकांची असते, वार्ताहरांची असते आणि ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला त्या तरुण मुलांचीही असते. माझा अनुभव निराळा आहे. प्रोग्राममधले दोष दोन-तीन महिन्यांत काढता येतात. ज्या नोंदींवर तो चालायचा, त्या नोंदीच खऱ्या नसतील, तर जगातला सर्वांत हुशार माणूस आणून बसवला तरी त्याचा इलाज चालत नाही.

हे सगळे सुरू कसे झाले, ते थोडक्यात सांगतो. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली. अधिकार किती मिळाले हा वादाचा विषय आहे, अपेक्षा मात्र वाढल्या. २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र उघडले. कर, दाखले, तक्रारी एकाच ठिकाणी. त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते, आणि तेच प्रारूप इतर शहरांत न्यायचे असे राज्य शासनाने ठरवले. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू यांच्या नावाचे नागरी अभियान आले. जलवाहिन्या, गटारे, रस्ते यांसाठी त्यात पैसा होता. पण ई-गव्हर्नन्स आणा, हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवा, अशा अटीही होत्या. पाण्याची टाकी हवी असेल तर संगणक घ्या, असा तो सौदा. संगणक आले.

ते येतात कसे, हे एकदा जवळून पाहण्यासारखे असते. टेंडर सर्वांत कमी दराला जाते. कंपनी कुठल्या तरी भलत्याच शहरासाठी बनवलेली आज्ञावली पाटी बदलून आणते. बिल टप्प्याटप्प्याने मिळते: यंत्रे आली की एवढे, बसवली की एवढे, प्रशिक्षण दिले की एवढे. प्रशिक्षण दिल्याचा पुरावा म्हणजे हजेरीपत्रकावरच्या सह्या. 'लोकांचे काम झाले की एवढे' असा टप्पा मी अजून एकाही करारात पाहिलेला नाही. सर्व्हरच्या खोलीसाठी घेतलेला एसी साहेबांच्या दालनात थंडावा देत असतो, हे तर मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की हल्ली पहिल्या दिवशी मी आधी एसीचा माग काढतो. प्रकल्पाची प्रकृती कळायला तेवढे पुरते.

त्यात कायदे बदलतात. महाराष्ट्रात २०१० पासून एकेका महापालिकेतून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. मुंबईत जकात टिकली ती १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर येईपर्यंत. प्रत्येक वेळी आधीच्या करासाठी लिहिलेली आज्ञावली रद्दीत निघाली. मुंबईने मालमत्ता कराची आकारणी १ एप्रिल २०१० पासून भाड्यावरून भांडवली मूल्यावर नेली; पुढे २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. सभागृहात असा निर्णय एका दुपारी होतो. खाली संगणकात मात्र प्रत्येक घराचे क्षेत्रफळ आधी बिनचूक असावे लागते, तेव्हा कुठे कोणाला माफी द्यायची ते ठरते.

आता एका मध्यम आकाराच्या नगरपालिकेची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. थोड्याफार फरकाने अशी गावे पुष्कळ आहेत. मला बोलावणे आले तेव्हा घरपट्टीच्या संगणकीकरणाला पाचवे वर्ष लागले होते आणि कंत्राटदार तिसरा होता. त्या वर्षीची बिले वाटली आणि गावात आग लागली. ज्यांनी पट्टी भरली होती त्यांच्या बिलावर थकबाकी, थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, आणि शेजारी ज्याने कधीच भरली नव्हती त्याचे बिल कोरे. मोर्चा आला. सभेत ठराव झाला, की संगणक बंद करावा आणि पूर्वीप्रमाणे हाताने काम करावे.

तेही शक्य नव्हते. संगणक आल्यावर मागणी रजिस्टर लिहिणे दोन वर्षांपूर्वीच थांबले होते. वहीत दोन वर्षे नव्हती आणि संगणकात खरी माहिती नव्हती. कोणाकडून किती येणे आहे, हे त्या नगरपालिकेला कुठल्याच कागदावरून सांगता येत नव्हते. बुडालेला प्रकल्प म्हणतात तो हा. पडदा काळा पडणे ही त्यामानाने किरकोळ बाब.

पहिल्या बैठकीत मुख्याधिकाऱ्यांनी सुचवले, की लोकांना घरबसल्या तक्रार करता यावी म्हणून एक मोबाईल ॲप काढू या. कंत्राटदाराच्या माणसाने लगेच मान डोलावली. नवे ॲप म्हणजे नवे बिल. मी दोघांना हात जोडून एकच विनंती केली: पुढचे सहा महिने नवीन काहीही आणायचे नाही. या धंद्यात सर्वांत अवघड काम हेच असते. बुडणाऱ्या होडीत आणखी सामान टाकायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. माणसे वाढवण्याचाही तसाच. फ्रेडरिक ब्रूक्स या अमेरिकी तज्ज्ञाने आयबीएमच्या एका अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळताना आलेल्या अनुभवावर १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली, की ते आणखीच रखडते, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो, हा त्यातला सिद्धान्त पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला. पन्नास वर्षे उलटून गेली. आपल्याकडच्या आढावा बैठकीत आजही पहिला प्रश्न येतो तो 'आणखी किती ऑपरेटर देऊ?' हाच.

पहिले चार दिवस मी संगणकाला हात लावला नाही. वसुलीच्या खिडकीमागे एक स्टूल टाकून बसलो. नोंद कुठे बिघडते ते तिथेच दिसते. वीज गेली, नेट गेले किंवा यंत्र अडकले, की खिडकीवरची मुलगी खणातून जुने पावतीपुस्तक काढी आणि हाताने पावती फाडून देई. योग्यच होते, माणसाला परत पाठवण्यापेक्षा कितीतरी बरे. संध्याकाळी रक्कम रोकडवहीत जाई आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. पण त्या पावत्या नंतर संगणकात भरायच्या कोणी? ऑपरेटर कंत्राटी. त्यांना पगार मिळे तो हजर राहण्याचा, आणि तोही तीन-तीन महिन्यांनी. वसुली लिपिक म्हणत, ते ऑपरेटरचे काम. ऑपरेटर म्हणत, आम्हाला कोणी सांगितले नाही. चौथ्या दिवशी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती पावतीपुस्तके सापडली, दोऱ्याने गठ्ठे बांधून नीट ठेवलेली. लोकांनी भरलेला पैसा बँकेत पोचला होता, त्यांच्या नावावर मात्र चढला नव्हता.

परदेशात असे होत नसेल, असे कोणाला वाटत असेल तर त्याने बर्मिंगहॅमकडे पाहावे. इंग्लंडमधली ही महापालिका युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक. १९९९ पासूनची जुनी लेखाप्रणाली काढून एप्रिल २०२२ मध्ये तिने ओरॅकल कंपनीची नवी प्रणाली सुरू केली. सुरुवातीचा अंदाज सुमारे दोन कोटी पौंडांचा होता. वर्षभरात खर्च दहा कोटींच्या घरात जाणार असे दिसू लागले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी महापालिकेने नव्या खर्चावर बंदी घालणारी, म्हणजे व्यवहारात दिवाळखोरीचीच, नोटीस काढली. त्यामागे स्त्री-कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाचे प्रचंड देणे हे मोठे कारण होते, सगळा दोष संगणकावर टाकणे अन्यायाचे होईल. पण नव्या प्रणालीचे दुखणे कुठे होते? बँकेत आलेली रक्कम नेमकी कोणत्या खात्याची, याचा ताळमेळ लागत नव्हता. तयार प्रणाली आपल्या जुन्या सवयींप्रमाणे वळवून घेताना तिथल्या लोकांनी ताळमेळासाठी वेगळी जोडणी करून घेतली होती, तीच अडली. माणसे बसवून व्यवहार हाताने जुळवावे लागले. शेवटी, पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी तयार प्रणालीत फारशी मोडतोड न करता, ती बसवायची असे ठरले. आमच्या लोखंडी कपाटातले गठ्ठे आणि बर्मिंगहॅमचा ताळमेळ, दुखणे एकाच जातीचे.

आमच्या गावात आता पावत्या सापडल्या होत्या. दोन ऑपरेटर आणि एक लिपिक बसवून त्या रोकडवहीशी व बँकेच्या उताऱ्याशी ताडून चढवल्या, की काम फत्ते, असे वाटले. ते तसे नव्हते. पावतीवर नाव एक आणि संगणकात दुसरे. कारणे दोन होती, आणि दोन्ही आपल्या मराठीशी निगडित असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो.

पहिले कारण फॉन्टचे. आज कुठल्याही फोनवर मराठी सहज उमटते, म्हणून त्या काळाची आठवण राहत नाही. पूर्वी जो तो आपापल्या सोयीच्या फॉन्टमध्ये टंकलेखन करी. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट हे तंत्र आणले, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेतही ठरला, त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. पण कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्यांत 'क' म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. तो फॉन्ट काढून घेतला, की नगराध्यक्षांच्या नावाच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि टक्क्यांची चिन्हे. पहिल्या कंत्राटदाराने नावे एका फॉन्टमध्ये भरली होती, दुसऱ्याने दुसऱ्या. तिसऱ्याने सगळी युनिकोडमध्ये आणली, पण रूपांतर होताना जोडाक्षरे फुटली, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले.

युनिकोडमध्ये आल्यानेही सगळे सुटत नाही. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हे आपल्या मराठीचे खास लेणे. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो ('तऱ्हा' या शब्दातही तोच आहे!). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे. खिडकीवर कुऱ्हाडे उभे, हातात पावती, आणि संगणक म्हणतो या नावाचा इसम गावात नाही. शिवाय नावाचा रकाना कोणी तरी इंग्रजीच्या हिशेबाने आखलेला. मराठी अक्षराला, त्यातून जोडाक्षराला, यंत्रात जागा जास्त लागते. त्यामुळे लांब नावे शेवटी कापली गेली होती. आडनाव शेवटी येते, म्हणजे कापले गेले तेच. या सगळ्यावर उपाय आहेत, कंटाळवाणे पण खात्रीचे, आणि ते आम्ही केले. दीड महिना लागला.

दुसऱ्या कारणावर मात्र प्रोग्रामरकडे उपाय नव्हता. कर विभागात एक जुने लिपिक होते. सारे त्यांना नाना म्हणत. निवृत्तीला वर्ष राहिलेले. संगणक आल्यापासून ते जवळजवळ बोलेनासेच झाले होते. त्यांना प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सही करायला लावले होते, बाकी काही विचारले नव्हते. एका दुपारी मी त्यांना मालमत्तांची छापील यादी दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिले पान वाचले आणि बोट ठेवले.

"साहेब, हे 'व इतर' कोणी लिहिलं?"

यादीत ते जागोजागी होते. एक नाव आणि पुढे 'व इतर'. जुन्या रजिस्टरमध्ये एका घरावर चार भावांची नावे असत, दोन विधवा भावजयांची, एखाद्या माहेरी परतलेल्या बहिणीचे. आज्ञावलीत नावाला रकाना एकच. हजार नोंदींमागे ठरलेल्या दराने काम करणाऱ्या मुलांनी पहिले नाव घेतले आणि बाकीची माणसे दोन शब्दांत गुंडाळली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रकाना त्यांनी आखला नव्हता. नानांनी खणातून आपली एक खासगी वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. कोणत्या घराची वाटणी झाली, कोण वरच्या मजल्यावर राहते, पट्टी प्रत्यक्ष कोण आणून देते, कोणाचे नाव 'लागायचे आहे', हे सगळे बारीक अक्षरात. कार्यालयाच्या दृष्टीने त्या वहीला काडीची किंमत नव्हती. गावाच्या घरांचा खरा हिशेब तेवढ्या एका ठिकाणी होता.

'व इतर'ने बिघडते काय, असे कोणी विचारील. मालमत्ता कराच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे. पण बँक, वीज कंपनी, वारसाच्या भानगडी, जिकडे तिकडे आधी 'नगरपालिकेचा उतारा आणा' असेच सांगतात. त्या गावात एक बाई होत्या. नवऱ्यामागे तीस वर्षे त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिलेल्या, भाजी विकून दोन मुले वाढवलेल्या. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली, तेव्हा पडकी भिंत बांधून घ्यावी म्हणून त्या अर्ज करायला गेल्या. संगणकाने उतारा दिला तो थोरल्या दिरांच्या नावाचा, 'व इतर'. घर तुमच्या नावावर नाही, अर्ज चालणार नाही. पूर्वीच्या हस्तलिखित उताऱ्यावर बाईंचे नाव तिसऱ्या ओळीत स्पष्ट होते. म्हणजे संगणक येण्यापूर्वी त्या नगरपालिकेला माहीत होत्या आणि संगणक आल्यावर नव्हत्या.

नावाचे रकाने वाढवून घेतले, हे काम आठवड्याचे. पण त्यांत भरायचे काय? रजिस्टर जुने, नानांची वही खासगी. तेव्हा मला २०१७ चे चावडी वाचन आठवले.

सातबाराच्या संगणकीकरणाची कथा आपल्याकडे फार लांबलेली आहे. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत आपला वर्धा होता. तिथून निघालेला गाडा तीन दशके चालत राहिला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळत नाहीत, हीच तिथेही मुख्य अडचण. क्षेत्र चुकले, वारस गळला, बोजा राहून गेला. अखेर २०१७ च्या उन्हाळ्यात महसूल खात्याने एक अगदी जुनाट वाटणारी गोष्ट केली. संगणकातले सातबारे छापले आणि गावोगाव चावडीवर लोकांसमोर वाचून दाखवले. ज्याची जमीन त्याने ऐकायचे, चूक असेल तर तिथेच सांगायचे, तलाठ्याने टिपून घेऊन दुरुस्ती करायची. सगळीकडे ते सारख्याच मनोभावे झाले असे मी म्हणणार नाही. काही गावांत ते उरकलेही गेले. तरीही पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ रोजी, तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा लोकांना मिळू लागला, त्यामागे या वाचनाचा मोठा वाटा आहे असे माझे मत आहे. नोंद ज्याची आहे त्यालाच ती वाचून दाखवणे, यापेक्षा चांगली तपासणी अजून तरी कोणी शोधलेली नाही.

आम्ही प्रभागवार वाचन ठरवले. याला सर्वांत मोठा विरोध झाला तो वरून. आपल्याच चुका चौकात वाचून दाखवायच्या, निवडणूक दीड वर्षावर आलेली. नगराध्यक्षांना घाम फुटला. मुख्याधिकारी मात्र या वेळी खंबीर राहिले, हे नमूद केले पाहिजे. वाचन होऊन यादी पक्की होईपर्यंत त्या प्रभागात शास्तीची आकारणी संगणकात थांबवून ठेवायची, असा लेखी आदेश त्यांनी काढला. तो कागद नसता तर लोक आलेच नसते. वाचवायला आलेल्या तंत्रज्ञाला हे अधिकार नसतात. 'थांबा' म्हणण्याची ताकद सहीत असते, आणि अशी सही करणारा अधिकारी नसेल तिथे मी हल्ली काम घेत नाही.

पहिले वाचन मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाले. संध्याकाळी सहाला सुरू केले, दहा वाजले तरी लोक उठेनात. पावत्या आल्या त्या किती प्रकारांनी! श्रीखंडाच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये, देवघरातल्या पोथीच्या घड्यांत, एकाने तर लग्नपत्रिकेच्या पाकिटात वर्षवार लावलेल्या. यादी नाना वाचत होते. नाव वाचले, की समोरच्या माणसाकडे पाहून 'बरोबर?' असे विचारत आणि त्याने मान हलवल्याशिवाय पुढे जात नसत. एका घरावर दोन भावांची तिथेच जुंपली. वाटणी झालीच नव्हती असे एकाचे म्हणणे. आम्ही 'वाद आहे' असा शेरा लिहून पुढे गेलो. असा शेरा लिहायलाही आज्ञावलीत जागा नव्हती, तीही करून घ्यावी लागली. वादाला जागा नसलेली प्रणाली कागदोपत्री फार स्वच्छ दिसते.

त्या बाई मागच्या खांबाशी बसल्या होत्या. त्यांचे घर आले. नानांनी थोरल्या दिरांचे नाव वाचले, मग दुसऱ्या दिरांचे, मग थांबून बाईंचे पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, मोठ्याने वाचले. "वहिनी, बरोबर?" बाईंनी पदर सावरून नुसती मान हलवली. थोरले दीर समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेही महत्त्वाचे होते; चार लोकांत न घेतलेला आक्षेप कचेरीत नंतर घेणे अवघड जाते. नुसत्या मान हलवण्यावर अर्थात नाव लागत नाही. जुन्या रजिस्टरचा आधार, रीतसर नोटीस, हरकतीची मुदत, सगळे झाले. पावणेतीन महिन्यांनी त्यांना उतारा मिळाला. भिंत झाली की नाही ते मला ठाऊक नाही. तोवर मी दुसऱ्या गावी गेलो होतो.

सगळेच प्रकल्प वाचवण्याच्या लायकीचे असतात असे नाही. न्यूयॉर्क शहराने कर्मचाऱ्यांच्या हजेरी आणि पगारासाठी 'सिटीटाइम' नावाचा प्रकल्प १९९८ मध्ये सहा कोटी तीस लाख डॉलरना दिला. तो पुढे साठ-सत्तर कोटींवर गेला, त्यात उघडउघड लबाडी निघाली, आणि २०१२ मध्ये मुख्य कंत्राटदाराला पन्नास कोटी डॉलर भरून द्यावे लागले. आपल्याकडे आकडे लहान असतात, पण वर्षानुवर्षे नुसत्या देखभालीच्या करारावर जिवंत ठेवलेली कलेवरे मी पाहिली आहेत. कोणी वापरत नाही, पण बंद केले तर लेखापरीक्षणात 'निष्फळ खर्च' असा शेरा येईल, म्हणून दर वर्षी बिल भरायचे. अशा ठिकाणी माझा सल्ला एकच असतो: नोंदी सोडवून घ्या आणि बाकीचे जाऊ द्या. आणि नोंदी सोडवायच्या तर त्या मुळात आपल्या ताब्यात हव्यात. सर्व्हरचा परवलीचा शब्द कंत्राटदाराच्या एका माणसाच्या डोक्यात, तो माणूस नोकरी सोडून दुसऱ्या शहरात, आणि गावाच्या घरपट्टीची किल्ली त्याच्या खिशात, ही परिस्थिती विनोदी वाटेल, पण मला ती दोनदा भेटली आहे. दुसऱ्या खेपेस त्याने फोनवर आधी आपल्या थकलेल्या पगाराची चौकशी केली. मला त्याचा राग आला नाही.

आमच्या गावात सात प्रभाग वाचून झाले तेव्हा मार्चअखेर आली. वसुलीच्या गर्दीत वाचन थांबले, उरलेले प्रभाग पावसाळ्यानंतर झाले. एका प्रभागात माणसेच फिरकली नाहीत. तिथे घरोघर जावे लागले, आणि ते काम त्याच कंत्राटी ऑपरेटर मुलींनी केले. त्यांचा पगार दरमहा व्हावा, ही माझी शिफारस माझ्या अहवालात पहिल्या क्रमांकावर होती. तांत्रिक अहवालात हे कशाला, असे एका साहेबांनी विचारलेही.

नाना त्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कर विभागात आले, नातवाला शाळेत सोडून येताना यावे तसे, आणि निळ्या पुठ्ठ्याची वही टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "नाना, यातलं सगळं आता चढलंय. तुमच्याकडेच ठेवा, आठवण म्हणून." त्यांनी मान हलवली. "नाही साहेब. कार्यालयाची आहे. घेतल्याची पोच तेवढी द्या."

आवकजावक संगणकावर गेली होती आणि तिथे 'वही' असा प्रकार नव्हता. खिडकीवरच्या मुलीने कोरा कागद घेतला, तारीख घातली आणि हाताने पोच लिहून दिली.